नळाने पचवलेलं

नळ चालू होता, एवढंच. धार मोठी नव्हती. पेला विसळताना माणूस सवयीने सोडतो तेवढी. सकाळी साडेसातला ती टाक्यांच्या खोलीत शिरली आणि तो आवाज तिच्या कानाला खटकला. एरवी ती दहाच्या आत कधी येत नसे. आज तिच्या दंतवैद्य नवऱ्याला सकाळी सकाळी कुणाची तरी अक्कलदाढ काढायची होती, जाताजाता त्याने तिला गाडीतून सोडलं, म्हणून ती अडीच तास लवकर येऊन ठेपली. खोलीत अठरा काचेच्या टाक्या, प्रत्येकीत हवेचे बुडबुडे, प्रत्येकीत बारा-बारा कार्प मासे तोंडं उघडत-मिटत काचेला नाक लावून उभे. आणि पलीकडे मोरीपाशी तिचे मदतनीस काटेमास्तर, पाठमोरे. त्यांच्या डाव्या हातात चहाच्या गाळण्याएवढी एक बारीक जाळी होती, जाळीत माशांची हिरवट विष्ठा होती, आणि ती जाळी ते नळाखाली अलगद फिरवत होते, तान्ह्या बाळाची टाळू धुवावी तसे. तोंडाने काहीतरी गुणगुणत होते. तिने विचारलं, मास्तर, हे काय चाललंय? ते वळले. आज बाई लवकर कशा, याचंच त्यांना जास्त नवल वाटलेलं दिसलं. "नमुना धुतोय," ते म्हणाले, "नेहमीसारखा."

नेहमीसारखा. त्या शब्दाचा अर्थ तिला लगेच कळला. पण तो तिने पोटातच ठेवला, चेहऱ्यावर येऊ दिला नाही. तिचा चेहरा तिच्या ताब्यात असे, याबद्दल तिची ख्यातीच होती. ताकास तूर लागू न देता तिने पर्स खुंटीला अडकवली, प्रयोगशाळेतला पांढरा अंगरखा चढवला आणि सहज म्हणावं तसं म्हणाली की सात नंबरच्या टाकीतला थोडा नमुना न धुता मला द्या, एक गंमत बघायची आहे. मास्तरांनी दिला. न धुतलेला नमुना बाईंच्या हाती द्यायला त्यांना जरा लाज वाटली असावी, कारण देताना त्यांनी बशीची कड रुमालाने पुसली. तिने दोन बशा केल्या, एक धुतलेल्याची, एक न धुतलेल्याची, आणि भट्टीत सुकायला ठेवल्या. मग आपल्या खोलीत येऊन दार लावलं आणि खुर्चीत बसली. तिचं सगळं काम त्या हिरव्या रंगावर उभं होतं. खाद्यात एक हिरवी भुकटी मिसळायची. ती माशाच्या अंगाला लागत नाही, जशी जाते तशी बाहेर पडते. खाद्यात हिरव्याच्या जोडीला प्रथिनं किती होती आणि विष्ठेत किती उरली हे ताडून बघितलं की माशाने किती पचवलं ते कळतं. बाहेर आलं नाही ते अंगी लागलं, असा सरळ न्याय. अट एकच होती. विष्ठा पाण्यात पडल्यापासून दहा मिनिटांत उचलायची, कारण ती पाण्यात राहिली की प्रथिनं विरघळून जातात, हिरवं तेवढं मागे राहतं, आणि माशाने न पचवलेलंही पचवल्यासारखं दिसतं. हा दहा मिनिटांचा नियम तिनेच लाल अक्षरांत भिंतीवर लावला होता. काटेमास्तर तो डोळ्यांत तेल घालून पाळत. सहाव्या-सातव्या मिनिटालाच रबरी नळीने ते नमुना उपसून घेत, आणि इतक्या निगुतीने पाण्यातून वाचवलेला तो नमुना मग नळाखाली धरत. म्हणजे माशाने पचवलं नव्हतं; नळाने पचवलं होतं. हे वाक्य मनात उमटलं तेव्हा तिला चक्क हसू आलं. ती घाबरट नव्हती. आपल्या हातून फार मोठी चूक होणार नाही असं तिला लहानपणापासून वाटत आलं होतं, आणि असं वाटणाऱ्या माणसाला चूक दिसली की आधी तिची मौज वाटते, भीती नंतर येते.

पण मास्तर नमुना मुळात का धुतात? हे तिला आठवायला वेळ लागला नाही, आठवलेलं मान्य करायला लागला. बारा वर्षांपूर्वी काटेमास्तर इथे आले तेव्हा ते नुसते मास्तर होते. त्याआधी ते टपालाची पार्सलं तोलायचं काम करत. पुडा हातात घेतला की काट्यावर ठेवण्याआधीच वजन सांगत आणि ते दोन-चार ग्रॅमच्या वर चुकत नसे; म्हणून इथे आल्यावर आठवडाभरात त्यांचे काटेमास्तर झाले. त्याच आठवड्यात त्यांनी पहिला नमुना आणून दिला. त्यात खाद्याचे दोन कण चिकटलेले होते आणि एक खवला होता. तिच्यासमोर बाहेरगावचे दोन पाहुणे बसले होते. "मास्तर," ती म्हणाली होती, "हा नमुना आहे की उकिरडा? मला स्वच्छ नमुना पाहिजे. स्वच्छ म्हणजे स्वच्छ." पाहुणे हसले होते. पाहुणे हसले याचं तिला तेव्हा बरं वाटलं होतं. मास्तरांनी मान डोलावली, बशी उचलली आणि ते गेले. त्यानंतर बारा वर्षांत एकही घाण नमुना तिच्या टेबलावर आला नाही. दहा वाजता ती येई तेव्हा नमुने सुकून, दळून, लहान बाटल्यांत भरून, चिठ्ठ्या लावून रांगेत उभे असत. ती ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवी आणि म्हणे, इतके स्वच्छ नमुने तुम्हाला दुसरीकडे बघायला मिळणार नाहीत. ते कसे होतात हे तिने कधी विचारलं नाही. काम होतंय ना, मग झालं. तिचे वडील घड्याळजी होते. बाजारपेठेच्या तोंडाशी एक फळी आणि एक दिवा एवढं त्यांचं दुकान. दुरुस्त केलेलं घड्याळ मागे पडतंय म्हणून कुणी परत आलं की ते भिंगातून वर न बघता सांगत, "घड्याळ बरोबर आहे, तुमचं मनगट गरम आहे." गिऱ्हाईक आपल्या मनगटाकडे बघत परत जाई. शाळेतून येताना ती त्या फळीशेजारी उभी राहून हे ऐके आणि तिला वडिलांचा अभिमान वाटे. मनगट गरम असलं म्हणून घड्याळ एवढं मागे पडत नाही हे तिला फार नंतर कळलं, आणि कळल्यावरही वडील चुकत होते असं तिच्या मनात आलं नाही; त्यांच्या वेळची घड्याळं तशी असतील, असं आलं.

भट्टीचा काटा एकशे पाचावर उभा होता. तिने काचेतून दोन्ही बशा बघितल्या. दिसायला काही फरक नव्हता. खोलीत परत येऊन तिने कपाटातून जुन्या अहवालांच्या प्रती काढल्या. एकोणीस होते. प्रत्येकात दोन भाग, पहिला पचनाचा, दुसरा वाढीचा. पहिल्या भागात मासा किती पचवतो हे सांगायचं आणि त्यावरून तो किती वाढेल ते काढायचं. दुसऱ्या भागात साठ दिवस तेच खाद्य घालून, दर आठवड्याला मासे तोलून, तो खरंच किती वाढला ते मांडायचं. आणि प्रत्येक वेळी मासे वाढायला हवे होते त्यापेक्षा थोडे कमी वाढले होते. किती कमी? तिने पेन्सिल घेतली आणि कोपऱ्यात आकडे मांडले. आठवा हिस्सा. दुसऱ्या अहवालातही साधारण आठवा. पाचव्यातही. प्रत्येक अहवालात या आठव्या हिश्शाला तिने एक कारण दिलेलं होतं आणि प्रत्येक कारण सुरेख लिहिलेलं होतं. एकदा थंडी जास्त पडली. एकदा टाक्यांत गर्दी झाली. एकदा उजेड कमी होता. एकदा माशांची जातच मंद निघाली. वाचताना तिला आपल्या भाषेचं कौतुक वाटलं आणि त्याच क्षणी आपलाच राग आला, आणि ही दोन्ही भावंडं शेजारी शेजारी बसून राहिली. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तिने विद्यार्थ्यांना किती वेळा ऐकवली होती. आकडा दर वेळी तोच निघतोय म्हणजे कारण एकच आहे, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही ओळखलं असतं. तिने ओळखलं नाही, कारण तिने वाढीवर संशय घेतला, थंडीवर घेतला, माशांवर घेतला, आणि पचनाचा आकडा मात्र तिचा स्वतःचा होता.

मग तळेवाली आठवली. ही आठवण यायला नको होती. ती आल्यावर गंमत संपली. तळेवाली म्हणजे शहराबाहेर दोन तळी असलेली एक रुंद हाडाची बाई, जी तीन वर्षांपूर्वी ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एक मासा घेऊन थेट या खोलीत आली होती. तिने मासा टेबलावर ठेवला, अहवालांच्या शेजारी. डोकं हे एवढं आणि अंग बारीक. ती म्हणाली, तुमच्या आकड्यांवरून छापलेल्या तक्त्याप्रमाणे खाद्य घालते, रोज तोलून घालते, एक मूठ इकडची तिकडे नाही, आणि मासे असे का दिसतात ते सांगा. मासा उपाशी असला की त्याचं डोकं मोठं दिसतं हे सांगायला पदवी लागत नाही. तिने तळेवालीला पाण्याबद्दल विचारलं, खाद्य घालायच्या वेळेबद्दल विचारलं, तळ्यात दुसरी कसली माशांची पिल्लं आहेत का ते विचारलं, आणि शेवटी गोड आवाजात म्हणाली, तुम्ही हात आखडता घेत असाल. तळेवालीने मासा पुन्हा गोणपाटात गुंडाळला, टेबलावर सांडलेलं पाणी पदराने पुसलं आणि गेली. ती वाढीव खाद्य घालू शकली असती, पण तक्त्यावर विश्वास ठेवून तिने घातलं नसणार. तिचं मनगट गरम आहे असंच आपण तिला सांगितलं, हे आता, साडेनऊ वाजता, भट्टीच्या मंद घरघरीत, तिला लख्ख दिसलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. या माशाला मुळी पोटच नसतं, तोंडातून थेट आतडं, म्हणून त्याच्या पोटात काही राहत नाही, असा तिचा वर्गात सांगायचा एक ठेवणीतला विनोद होता. आज तो आठवून तिला माशाचा हेवा वाटला.

दुपारी नवऱ्याचा फोन आला. अक्कलदाढ निघाली होती, पण सुखासुखी निघाली नव्हती. तिने त्याला थोडक्यात सगळं सांगितलं. तो व्यवहारी माणूस होता. त्याने विचारलं, काटेमास्तर आजच निवृत्त होताहेत ना, मग सांगतेस कशाला? उद्यापासून धुऊ नका म्हणून नव्या माणसाला सांग, आकडे हळूहळू आपोआप सुधारतील, जुनं कोण उकरायला येतंय? ती हो हो म्हणाली आणि फोन ठेवला. पाच वाजता खाद्याच्या कारखान्याचा माणूस नवा अहवाल न्यायला येणार होता. सूर्यफुलाची पेंड आणि माशीच्या अळ्यांचं पीठ, पचन एक्याण्णव टक्के, हे वाक्य टंकलेलं तयार होतं, खाली तिची सही तेवढी राहिली होती. सही झाली की त्या एक्याण्णवावरून तक्ते छापले जाणार, पचन चांगलं म्हणून तळ्यातळ्यांत तेवढंच कमी खाद्य तोललं जाणार आणि मासे आठवा हिस्सा उपाशी राहणार. आणि चार वाजता काटेमास्तरांचा निरोपसमारंभ होता. सगळ्यांनी मिळून त्यांच्यासाठी आरामखुर्ची घेतली होती, ती बाहेर व्हरांड्यात कागदात गुंडाळून ठेवली होती. जन्मभर उभ्याने काम केलेला माणूस आता बसून काय करणार, यावर सकाळपासून सगळ्यांचे विनोद करून झाले होते.

तिने चाचणी स्वतः केली. बारा वर्षांनी. आम्लात उकळणं, वाफ, थेंब थेंब मोजणं. हात विसरले असतील असं तिला वाटलं होतं, पण विसरले नव्हते, आणि त्याचा तिला आनंद झाला. पावणेतीनला दोन्ही आकडे कागदावर आले. धुतलेला, एक्याण्णव. न धुतलेला, ऐंशी. तिने पुन्हा आकडेमोड केली, तेच आलं. दोघांमधलं अंतर वाढीतल्या आठव्या हिश्शाच्या तुटीशी जवळजवळ जुळत होतं. एकाच बशीने काही सिद्ध होत नाही, अजून बऱ्याच बशा सुकवाव्या लागणार, पण तिला खात्री होती, आणि तिची खात्री यावेळी बरोबर होती. सगळं कसं बसलं! थंडी निर्दोष, उजेड निर्दोष, तळेवाली निर्दोष. बारा वर्षं अंगणाला दोष देत राहिलेल्या माणसाला अंगण सपाट असल्याचं कळावं, तसा तिला एक विचित्र हलकेपणा आला. तिने तयार अहवाल बाजूला सारला, कोरा कागद घेतला आणि एका दमात लिहून काढलं: की आतापर्यंतचे पचनाचे सर्व आकडे बहुधा चढे आहेत, की नमुने माझ्या सूचनेवरून धुतले गेले, की जबाबदारी सर्वस्वी माझी आहे, की नव्या चाचण्या होईपर्यंत खाद्याचे तक्ते त्याच प्रमाणात वाढवावेत. पहिली प्रत तळेवालीला स्वतः नेऊन द्यायची असं तिने तळटीपेत नव्हे, मनात लिहिलं. मग तिने कागद वाचला. छान होता. घड्याळजींच्या मुलीने हे लिहिलं, असं कुणाला खरं वाटलं नसतं. मास्तरांचं नाव त्यात कुठेही नव्हतं. शेवटच्या दिवशी त्या बिचाऱ्यांच्या डोक्यावर हे खापर कशाला, असं तिला वाटलं, आणि आपल्याला असं वाटतंय याचं तिला फार बरं वाटलं. नवऱ्याने दडपायला सांगितलं, आपण सगळं आपल्या अंगावर घेतोय. तिने मास्तरांना बोलावून घेतलं.

ते नवा सदरा घालून आले होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. तिने त्यांना समजावून सांगितलं, सावकाश, लहान वाक्यांत, डॉक्टर रोग्याच्या नातेवाइकांना सांगतात त्या आवाजात. ते ऐकत राहिले. एक्याण्णवाचे ऐंशी हे ऐकल्यावर त्यांनी हात किंचित वर केला, जणू त्या अकराचं वजन ते तळहातावर घेऊन बघत होते, आणि विचारलं की सगळ्याच अहवालांत का? ती म्हणाली, बहुतेक सगळ्याच. त्यांचा चेहरा पडला. ते खिडकीतून टाक्यांच्या खोलीकडे बघू लागले, तेव्हा तिने कागद पुढे सरकवला. काळजी करू नका, तुमचं नाव ह्यात कुठेही नाही, असं तिने सांगितलं. त्यांचे डोळे भरून येतील, ते हात जोडतील, आपण नको नको म्हणू, असं काहीसं तिच्या डोळ्यांपुढे होतं. त्यांनी कागद दोनदा वाचला, नमुन्याच्या चिठ्ठ्या वाचायचे तसा, प्रत्येक अक्षराशी थांबून.

"तुमच्या सूचनेवरून धुतले, असं लिहिलंय इथे."

"मीच म्हटलं होतं ना तुम्हाला, स्वच्छ पाहिजे म्हणून."

"स्वच्छ म्हणालात. धुवा नाही म्हणालात." त्यांचा आवाज शांत होता. "धुवायचं मी ठरवलं, बाई. जाळी मी शोधून आणली. आधी एक मिनिट धरून बघितलं, कण सुटत नव्हते. तीन मिनिटांत नमुना फुटायचा. आठवडाभर करून बघितलं, तेव्हा दोन मिनिटं बसली. ते माझं मी शोधून काढलं होतं."

ती म्हणाली, पण मग मला सांगायचं नाही का?

"तुम्ही पाहुण्यांना म्हणालात, असे नमुने दुसरीकडे मिळणार नाहीत. मला वाटलं, बाईंना माहीत आहे."

तिने मान हलवली. मग म्हणाली, ते काही असो, आज तुमचा शेवटचा दिवस, उगीच तुमचं नाव ह्यात कशाला गुंतवायचं? हे बोलतानाच तिला आपला आवाज कानाला गोड लागला, आणि हाच गोड आवाज तळेवालीने ऐकला होता हे तिला आठवलं, आणि ती मधेच थांबली.

मास्तरांनी कागद टेबलावर ठेवला आणि त्याच्या कडा सरळ केल्या. "इथून एकोणीस अहवाल गेले," ते म्हणाले. "एकेक नमुना मी काढलाय. माझं नाव कुठे नाही, आणि मी ते कधी मागितलं नाही. पण एवढी एक गोष्ट मी माझ्या डोक्याने केली होती. ती चुकली, तर चुकली. पण ती माझी आहे. ती तेवढी माझ्या नावावर राहू द्या."

सकाळपासून तिला मौज वाटली होती, राग आला होता, हलकं वाटलं होतं, अभिमान वाटला होता. आता पहिल्यांदा लाज वाटली. आकड्याची नाही. एकोणीस अहवाल घेतले तसं आपण ह्या माणसाचं उरलेलं एवढंसंही घ्यायला निघालो होतो, आणि तेही काहीतरी देतोय अशा आविर्भावात, याची. बाहेर व्हरांड्यात खुर्चीचा कागद फाडल्याचा आवाज आला, कुणीतरी मास्तरांना हाक मारली. तिने पेन त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी ते घेतलं, 'माझ्या सूचनेवरून' हे शब्द पट्टी लावून खोडले, आणि वर बारीक, सरळ अक्षरांत लिहिलं: नमुने दोन मिनिटे नळाखाली धुण्याची पद्धत माझी. खाली सही केली, तारीख घातली. शाई वाळेपर्यंत ते थांबले.

"आणि मी कधी विचारलं नाही," ती म्हणाली. "तेही लिहा."

मास्तरांनी पेन मिटलं आणि कागदावर, तिच्या बाजूला, आडवं ठेवलं.

"ते तुमचं आहे, बाई," ते म्हणाले. "ते तुम्ही लिहा."